ग्रामसभेतील सही आणि घरातले नाते

वाचकाचे पत्र : आमचे गाव सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील दुष्काळी पट्ट्यात आहे. सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले तेव्हा माझ्या थोरल्या जाऊबाई निवडून आल्या, पण कारभार माझे थोरले दीरच पाहतात. आमच्या चुली वेगळ्या असल्या तरी शेत आणि विहीर सामायिक आहे. मी मळ्यातल्या वस्तीवर राहते. जल जीवन मिशनमधून दीड वर्षापूर्वी वस्तीवरच्या तीसएक घरांपुढे नळ बसले. चाचणीचे दोन दिवस सोडले तर त्या नळांना पाणी आलेले नाही. आम्हाला विहीर आहे, बाकीच्या बायका आमच्या विहिरीवरून नेतात किंवा टँकरचे विकत घेतात. आता येत्या ग्रामसभेत गाव ‘हर घर जल’ झाल्याचा ठराव व्हायचा आहे आणि वस्तीवरच्या बायकांच्या सह्या गोळा करण्याचे काम दिरांनी माझ्यावर टाकले आहे. बायका म्हणतात, “सत्ता तुमच्या घरात, तुम्हीच सांगा आम्ही कशावर सही करायची.” माझे पती म्हणतात, निवडणूक जवळ आली आहे, घरची गोष्ट चव्हाट्यावर आणू नकोस. सही केली तर खोटेपणा होतो, नाकारली तर घर दुभंगते. मी काय करावे?

उत्तर : सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचे थेट उत्तर आधी देतो. ज्या ठरावात तुमच्या वस्तीला पाणी मिळते असे लिहिलेले असेल, त्यावर तुम्ही सही करू नका आणि दुसऱ्या कोणाही बाईकडून ती घेऊ नका. मात्र हा नकार ग्रामसभेत सर्वांदेखत पहिल्यांदा उच्चारला जाऊ नये. तो आधी जाऊबाईंच्या कानावर, त्यांच्या घरी जाऊन, निवांतपणे घातला गेला पाहिजे, कारण या प्रकरणात सर्वांत मोठी जोखीम तुमच्या दिरांची नाही, तुमचीही नाही, ती त्यांची आहे. हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसेल.

आधी त्या ठरावाचे वजन समजून घ्यावे लागेल. जल जीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाले तेव्हा प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज 55 लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. म्हणजे पाच माणसांच्या घराला दिवसाला 275 लिटर, 15 लिटरच्या सुमारे अठरा बादल्या. नळजोडणी बसली की योजनेच्या नोंदीत ते घर जमेस धरले जाते. गावातील सर्व घरे, शाळा आणि अंगणवाडी जमेस धरली गेली की विभाग ते गाव ‘हर घर जल’ म्हणून नोंदवतो. पण एवढ्याने काम पुरे होत नाही. योजना पूर्ण झाल्याचा दाखला ग्रामपंचायतीला मिळाल्यानंतर तो ग्रामसभेत वाचून दाखवायचा असतो आणि प्रत्येक घराला खरोखर पाणी मिळते आहे असे ग्रामसभेने ठरावाने सांगितले, तरच ते गाव ‘प्रमाणित’ होते. योजना आखणाऱ्यांनी शेवटचा शब्द अभियंत्याला किंवा ठेकेदाराला न देता ज्यांच्या दारात नळ आहे त्यांना दिला, ही या योजनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद आहे, असे मला वाटते. जी सही तुमच्याकडून हवी आहे, ती म्हणूनच हवी आहे.

एकदा गाव प्रमाणित झाले की वस्तीची बाजू कागदावर संपते. उद्या वाढीव जलवाहिनीसाठी, नव्या टाकीसाठी किंवा पंपाची क्षमता वाढवण्यासाठी तुम्ही अर्ज केला, तर पंचायत समितीत कोणीही तुमच्यापुढे तुमच्याच ग्रामसभेचा ठराव ठेवील आणि त्यावर तुमच्या वस्तीतल्या बायकांच्या सह्या दाखवील. टंचाईच्या वर्षी टँकर मागतानासुद्धा हाच कागद आडवा येण्याची शक्यता आहे. तेव्हा प्रश्न केवळ खरे-खोटे बोलण्याचा नाही. त्या तीस घरांच्या पुढच्या अनेक वर्षांच्या मागणीचा पायाच या सहीने काढून घेतला जातो. तुमच्या घराला विहीर असूनही तुम्हाला हे बोचते आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आता दिरांविषयी. तुमच्या पत्रात त्यांच्यावर थेट आरोप नाही, आणि तसा तो नसावा हेच योग्य आहे. गावाअंतर्गत पाणीपुरवठ्याची अशी कामे बहुतेक ठिकाणी जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागामार्फत निविदा काढून ठेकेदाराला दिली जातात. मोजमाप त्या विभागाचे अभियंते नोंदवतात, देयकेही तिथेच मंजूर होतात आणि काम संपल्यावर योजना ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित होते. मळ्यातल्या वस्त्या गावठाणापेक्षा उंचावर किंवा दूर असतात. टाकीची उंची, वाहिनीचा व्यास किंवा पंपाचा दाब आराखड्यातच कमी धरला गेला असेल, तर शेवटच्या टोकाला पाणी चढत नाही. कधी उद्भवाची, म्हणजे योजनेला पाणी पुरवणारी विहीरच उन्हाळ्यात आटते. कधी निधी वेळेवर न आल्याने ठेकेदार काम अर्धवट सोडून जातो, आणि राज्यात अशी रखडलेली कामे थोडी नाहीत. मिशनची मूळ मुदत 2024 ची होती. ती 2028 पर्यंत वाढवल्याची घोषणा 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली, ती हे काम अपुरे असल्याचे मान्य करूनच. त्यामुळे तुमच्या गावाला आजच घाईने ‘पूर्ण’ म्हणवून घेण्याचे कारण नाही. तुमच्या दिरांवर वरून आकडा पुरा करण्याचा दबाव असेल, हेही शक्य आहे. त्यांच्या हेतूबद्दल तर्क करण्यापेक्षा पाणी कोठे अडते याचा शोध घेणे अधिक उपयोगाचे ठरेल.

यासाठी ग्रामसभेची नोटीस लागण्यापूर्वीचा एक आठवडा वापरा. वस्तीतील दोघी-तिघींना बरोबर घेऊन साध्या वहीत प्रत्येक घराची नोंद ठेवा. नळाला पाणी आले की नाही, आले तर किती वाजता, किती वेळ, किती बादल्या भरल्या आणि टँकरला किती पैसे गेले, एवढे लिहिले तरी पुरे. या नोंदीत कोणाविषयी एक शब्दही नको. वाहिनी गावठाणातून येताना कोणत्या घरापर्यंत पाणी पोचते आणि कोठून पुढे पोचत नाही, हे समजले तर अर्धे निदान तिथेच होते. ग्रामपंचायतीचा पाणीपुरवठा कर्मचारी, जो रोज झडपा फिरवतो, त्याला आदराने विचारा. खरी माहिती बऱ्याचदा त्याच्याकडे असते आणि त्याला ती कोणी विचारत नाही.

वही हातात आली की जाऊबाईंकडे जा. तुम्ही लिहिले आहे की कारभार दीर पाहतात. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये स्त्रियांना 1993 नंतर एक तृतीयांश आणि 2011 पासून निम्म्या जागा राखीव झाल्या, आणि तेव्हापासून पतीने पत्नीच्या नावाने कारभार चालवण्याची रीतही गावोगाव रुजली. महिला पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी कामकाजात हस्तक्षेप करू नये, असे शासनाचे आदेश वेळोवेळी निघाले आहेत. 2023 मध्ये केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने या प्रथेचा विचार करण्यासाठी समितीही नेमली होती. परंतु आदेशाने जे झाले नाही ते घरातल्या बोलण्याने होऊ शकते, कारण कागदावर पती कोठेच नसतो. ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सही सरपंचाची असते. केंद्रीय वित्त आयोगाच्या निधीतून ऑनलाइन देयके निघतात तीही सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने निघतात. लेखापरीक्षणात आक्षेप आला, वसुली लागली किंवा चौकशी सुरू झाली, तर नोटीस जाऊबाईंच्या नावाने येईल आणि खुलासा त्यांनाच द्यावा लागेल. डिजिटल स्वाक्षरीची ती छोटी किल्ली, जिला सगळे डोंगल म्हणतात, ती त्यांच्या कपाटात आहे की दुसऱ्याच कोणाच्या खिशात आहे, हे त्यांना मायेने विचारा. ती त्यांनी स्वतःजवळ ठेवावी, असे थोरल्या बहिणीला सांगावे तसे सांगा.

त्यांना काही समजत नाही असे गृहीत धरून मात्र जाऊ नका. पतीच्या सावलीत पदावर आलेल्या आणि वर्षा-दोन वर्षांत प्रोसिडिंगचे, म्हणजे इतिवृत्ताचे पुस्तक स्वतः वाचू लागलेल्या स्त्रिया या राज्यात पुष्कळ आहेत. कदाचित त्यांनाही हा ठराव खुपत असेल आणि ‘नको’ म्हणायला त्यांना सोबत हवी असेल. त्यांच्यापुढे मागणी स्पष्ट ठेवा. ठराव रद्द करा असे न म्हणता तो खरा करा, असे म्हणा. गावठाणात पाणी येते हे लिहिले जावे, वस्तीवरील घरांना येत नाही हेही लिहिले जावे, वस्तीचे काम पूर्ण होईपर्यंत ‘हर घर जल’ प्रमाणपत्राचा विषय पुढे ठेवावा आणि ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांनी वस्तीवर येऊन पाहणी करावी, अशी विनंती त्याच ठरावात असावी. अशा ठरावाने सरपंचांची बाजू उलट भक्कम होते. पुढे कोणी बोट दाखवले, तर “आम्ही लेखी कळवले होते” असे त्या सांगू शकतील.

यानंतर महिला सभेचा मार्ग आहे, आणि तो तुमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी गावातील महिला मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. पुष्कळ गावांत ही सभा केवळ नोंदवहीत होते. अंगणवाडीत दहा-बारा सह्या घेतल्या की ती झाली असे मानले जाते. तुम्ही ती खरोखर भरवण्याचा आग्रह धरा. या सभेत दीर नसतात, विरोधी पॅनेलचे पुढारी नसतात, चावडीवरचे टोमणे नसतात आणि अध्यक्षस्थानी जाऊबाई असतात. ज्या बायकांच्या डोक्यावर घागर आहे त्या त्यांच्यासमोर बसून बोलतील. तिथे ठरलेली शिफारस मुख्य ग्रामसभेत मांडली गेली, म्हणजे ती वस्तीवरच्या स्त्रियांची शिफारस असेल. धाकटी जाऊ थोरलीविरुद्ध उभी राहिली, असे चित्रच त्यामुळे निर्माण होणार नाही.

मुख्य ग्रामसभेत मात्र सह्यांच्या बाबतीत सावध राहा. हजेरीची सही म्हणजे ठरावाला संमती नव्हे. तरीही कोऱ्या पानावर आधी सह्या घ्यायच्या आणि वर मजकूर नंतर लिहायचा, असा प्रकार अनेक ठिकाणी चालत आलेला आहे, हे गावात राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून पानाच्या वर सभेची तारीख आणि ‘उपस्थिती’ हा शब्द लिहिलेला असल्याशिवाय कोणीही सही किंवा अंगठा देऊ नये, आणि शेवटच्या सहीखाली आडवी रेघ ओढायला सांगावे. सभा संपण्याआधी ठराव जसा लिहिला तसा मोठ्याने वाचून दाखवावा, अशी विनंती एखाद्या वयस्कर बाईने केली तर ती सहसा नाकारली जात नाही. सभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, गणपूर्तीसाठी लागते. ती नसल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. वादग्रस्त ठराव अशाच रिकाम्या तहकूब सभेत होऊ शकतात. तेव्हा पहिल्या दिवशी घरी परत पाठवले गेले, तरी दुसऱ्या तारखेला वस्तीवरच्या बायकांनी यायलाच हवे.

आता तुमच्या पतींच्या बोलण्याकडे वळतो. निवडणूक जवळ आली आहे ही त्यांची चिंता खोटी नाही. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षाच्या चिन्हावर होत नाही, ती पॅनेलवर होते, आणि गावातले पॅनेल म्हणजे भावकी, सोसायटी, दूध संघ, लग्नकार्यातले मानपान हे सगळे एकत्र गुंफलेले असते. तुम्ही नाही म्हणालात हे कळताच समोरच्या पॅनेलची माणसे तुमच्याकडे येतील, तुमचे कौतुक करतील, वस्तीच्या नळांचे फोटो मागतील आणि गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतील. त्यांना हाताने किंवा शब्दाने काहीही देऊ नका. पाण्याचा प्रश्न एकदा का पॅनेलच्या फलकावर गेला, की तो दोन्हीकडच्या प्रतिष्ठेचा होतो आणि निकाल लागेपर्यंत वस्तीला पाणी मिळत नाही. पाठिंबा फक्त नळ कोरडे असलेल्या तीस घरांचा घ्या, मग त्यांतले कोणी मागच्या वेळी कोणाला मत दिले हे विचारू नका. घरची गोष्ट चव्हाट्यावर येऊ नये हे पतींचे म्हणणे मला मान्य आहे. पण जे पाणी शेजारणी तुमच्या विहिरीवरून शेंदून नेतात ते कधीच घरापुरते राहिलेले नाही, आणि ग्रामसभेत त्यांच्या नावाने खोटा ठराव झाला तर ती खरोखरच घराची बदनामी ठरेल. हे त्यांना रागावून सांगू नका. जाऊबाईंवर येऊ शकणाऱ्या नोटिशीची गोष्ट सांगा. भावाच्या संसारावरची आच त्यांना नक्की कळेल.

जाऊबाईंशी बोलूनही काही झाले नाही आणि ठराव रेटला जाणार असे दिसले, तर लेखी मार्ग घ्यावा लागेल. वस्तीतील जास्तीत जास्त घरांच्या सह्यांचे, कोणाचेही नाव न घेणारे, केवळ वहीतील नोंदी सांगणारे निवेदन ग्रामपंचायतीत द्या. त्याच्या प्रती गटविकास अधिकारी आणि ग्रामीण पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांना द्या आणि प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिला की नाही हे नंतर सिद्ध करता येत नाही.

माहितीच्या अधिकाराचा अर्ज मी तुम्हाला सर्वांत शेवटी सुचवतो, आणि तोही तुमच्या एकटीच्या नावाने नको. 2005 चा हा कायदा सामान्य माणसाच्या हातातील मोठे साधन आहे. महाराष्ट्राने तर त्याआधी 2002 मध्येच स्वतःचा कायदा केला होता. परंतु गावात असा अर्ज पडला की तो युद्धाची घोषणा मानला जातो, आणि माहिती मागणाऱ्यांनी त्याची जबर किंमत मोजल्याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. तळेगाव दाभाडे येथील माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांची 2010 मध्ये झालेली हत्या विसरता येण्यासारखी नाही. तुमच्या गावात तसे काही होईल असे मी मुळीच म्हणत नाही. एकटीने पुढे होऊ नये, एवढेच सांगायचे आहे. अर्ज करायचाच झाला तर चार-पाच जणींनी ठरवून करावा. महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्दांची मर्यादा असते, शुल्क 10 रुपये असते, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला ते माफ असते आणि 30 दिवसांत उत्तर मिळायला हवे. कारणे विचारू नका, कागद मागा. योजनेचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेची प्रत, चाचणीचा अहवाल आणि हस्तांतरणाचे पत्र एवढे मिळाले, तर वस्तीपर्यंतची वाहिनी कागदावर किती मीटर आहे आणि जमिनीत किती आहे, हे ताडून पाहता येईल. हे कागद मुख्यतः जिल्हा परिषदेच्या विभागाकडे असतात. त्यामुळे अर्ज तिकडे करणेच योग्य. त्याने जाऊबाईंच्या दारात वाद जाणार नाही, हा त्याचा आणखी एक फायदा.

घर दुभंगण्याची तुमची भीती मी हलकी लेखत नाही. काही महिने अबोला राहील, सणाला बोलावणे चुकेल, विहिरीच्या पाळीवरून कुरबूर होईल. या काळात तुम्ही तुमच्या बाजूने काहीच तोडू नका. जाऊबाईंकडे जाणे-येणे, मुलांचे एकमेकांकडे राहणे, दिरांचा मान, यांत तुमच्याकडून बोटभरही फरक पडू देऊ नका, आणि वस्तीवर कोणी त्यांच्याविषयी वाकडे बोलू लागले तर ते तिथल्या तिथे थांबवा. ही सहनशीलता तुमच्यावर अन्यायाची आहे, कारण चूक तुमची नाही. तरीही ती ठेवावी असे मी म्हणतो, कारण वस्तीला पाणी आणायचे असेल तर उद्या सरपंच म्हणून जाऊबाईंचीच सही लागणार आहे.

ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी लागते. ती लागली की विषयपत्रिकेवर हा विषय कोणत्या शब्दांत आला आहे ते वाचा, त्याची प्रत लिहून घ्या आणि वही घेऊन जाऊबाईंकडे शक्यतो त्याच संध्याकाळी, दीर घरी यायच्या आधी जा.